आईच्या इंग्रजी निधनवार्तेत माहेरचं नाव: ‘ने’ कुठे आणि कसा लिहायचा

आईंच्या जाण्याबद्दल मनापासून सहवेदना. तुमचा प्रश्न मला समजला तो असा: इंग्रजी वृत्तपत्रात आईंची निधनवार्ता द्यायची आहे. मामेभावाने मसुदा पाठवला, त्यात आईंच्या सासरच्या नावानंतर एन-ई-ई असा छोटा शब्द आणि पुढे माहेरचं आडनाव आहे. वहिनींना वाटतं की हा शब्द ख्रिस्ती लोकांत चालतो, आपल्यात नाही. तुम्ही शब्दकोश पाहिलात, तिथे ‘माहेरचं आडनाव’ असा अर्थ मिळाला. पण लग्नात आईंचं आडनावाबरोबर पहिलं नावही बदललं होतं, आणि माहेरचे अनेक जण त्यांना त्या जुन्या नावानेच ओळखतात. मग नुसतं आडनाव लिहून भागेल का, की सगळं नाव लिहायचं, आणि तो शब्द वाचायचा कसा?

मी पुण्यात वीसेक वर्षं मराठी कागदपत्रांचे इंग्रजी अनुवाद करतो. जन्मदाखले, विवाह नोंदणीची प्रमाणपत्रं, शाळा सोडल्याचे दाखले, मृत्युपत्रं. हा एवढासा शब्द माझ्या टेबलावर आठवड्यातून एकदा तरी येतो, आणि अडचण जवळजवळ नेहमी तुमच्यासारखीच असते. शब्दाचा अर्थ कठीण नाही. पण तो ज्या समाजात घडला तिथे लग्नानंतर बाईचं फक्त आडनाव बदलायचं. आपल्याकडे पहिलं नाव, मधलं नाव आणि आडनाव अशी तिन्ही बदलत. एका नावाच्या मापाने शिवलेला शब्द तीन नावांवर चढवायला गेलं की तो कुठेतरी अपुरा पडतो.

आधी शब्द बघू. तो फ्रेंच आहे आणि इंग्रजीत अठराव्या शतकापासून वापरात आहे. फ्रेंचमध्ये ‘जन्मणे’ या अर्थाचं क्रियापद आहे ‘नेत्र’ (आपल्या डोळ्याशी त्याचा संबंध नाही), आणि त्याचं स्त्रीलिंगी भूतकालवाचक रूप म्हणजे हा ‘ने’. शब्दशः अर्थ ‘जन्मलेली’. पुरुषासाठी शेवटचा ई गळतो, त्याचा अर्थ ‘जन्मलेला’. इंग्रजी वाचकाला हा लिंगभेद लक्षात ठेवावा लागतो, कारण त्याच्या भाषेत तो नाही. आपल्याला तो सांगावा लागू नये. आपण ‘ती जन्मली, तो जन्मला’ म्हणतोच. मूळ लॅटिन शब्द ‘नातुस’, आणि त्याचा संस्कृतमधला सख्खा भाऊ म्हणजे ‘जात’, आपल्या ‘नवजात’मधला. रेनेसाँ म्हणजे पुनर्जन्म आणि नाताळचा फ्रेंच शब्द नोएल हेही त्याच घराण्यातले. तेव्हा वहिनींना सांगा की शब्दाला धर्म नाही. गोव्यातल्या आणि मुंबई-वसईच्या ख्रिस्ती कुटुंबांच्या इंग्रजी निधनवार्तांत तो नेहमी दिसतो हे खरं, आणि त्याला कारण आहे: तिथे फर्नांडिस, डिसोझा अशी ठरावीक आडनावं असंख्य घरांत असतात. ही बाई नेमकी कोणाची हे वाचणाऱ्याला कळायला माहेरचं आडनाव फार उपयोगी पडतं. जोशी-कुलकर्णी-पाटलांची गरज काही वेगळी नाही.

उच्चार ‘ने’. ‘नी’ नाही. इंग्रजी बोलणारे शेवटी किंचित ‘इ’ लावतात, ‘डे’ म्हणताना लावतात तसा. फ्रेंच उच्चारात तो नसतो, त्यामुळे आपला सरळ मराठी ‘ने’ मूळ उच्चाराच्या जास्त जवळ जातो. लिहिताना पहिल्या ई वर उजवीकडे चढत जाणारी तिरपी रेघ येते. कित्येक जण ती दुसऱ्या ई वर देतात, ती चूक आहे. इंग्रजीत रेघ न देता लिहिलं तरी चालतं. मी मात्र शक्य असेल तिथे देतो, कारण नसली की वाचणारा हमखास ‘नी’ म्हणतो. शब्द वाक्याच्या मध्ये येतो म्हणून पहिलं अक्षर लहानच ठेवायचं.

जागा ठरलेली आहे. आधी बाईचं आजचं नाव, मग स्वल्पविराम, मग ‘ने’, मग माहेरचं आडनाव. सगळ्यांच्या ओळखीचं उदाहरण म्हणजे इंदिरा गांधी, ने नेहरू. नोबेल पारितोषिकाच्या अधिकृत यादीतही असंच आहे: मारी क्युरी, ने स्क्वोदोव्स्का. वॉर्सात १८६७ मध्ये जन्मलेली ही बाई १८९५ मध्ये पिएर क्युरींशी लग्न झाल्यावर क्युरी झाली, पण ती आपलं पोलिश आडनाव जोडूनच सही करायची. तिच्या मायबोलीत, पोलिशमध्ये, याच जागी जे शब्द वापरतात त्यांचा अर्थ होतो ‘अमुक घरातली’. मला ते फार आवडतं, कारण ते आपल्या ‘माहेर’ला अगदी लागून आहे.

इथे थोडं थांबतो, कारण पुढचं सगळं यावर अवलंबून आहे. मराठीत आपण या अर्थाने दोन गोष्टी म्हणतो: ‘माहेरचं नाव’ आणि ‘पूर्वाश्रमीच्या अमुक’. माहेर हे घर आहे. पूर्वाश्रम म्हणजे आयुष्याचा आधीचा टप्पा, मुळात संन्याशाच्या बाबतीत वापरायचा शब्द. फ्रेंच शब्द घर सांगत नाही आणि टप्पाही सांगत नाही, तो जन्म सांगतो. बहुतेक बायकांच्या बाबतीत तिन्ही एकाच आडनावापाशी येऊन थांबतात, म्हणून फरक जाणवत नाही. जाणवतो तो पुनर्विवाहात.

महर्षी कर्व्यांच्या पत्नीचं उदाहरण घ्या. त्या जन्माने गोदूबाई जोशी. बालपणीच लग्न होऊन नातू झाल्या आणि लगेच विधवा झाल्या. १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह झाला आणि त्या आनंदीबाई कर्वे झाल्या, सगळ्यांच्या बाया. कर्व्यांशी लग्न होण्याआधीचं त्यांचं आडनाव नातू. पण इंग्रजीत ‘ने’ नंतर काय येईल? जोशी. नातू नाही, कारण त्या नातू म्हणून जन्मल्या नव्हत्या. नातू हे आडनाव सांगायचंच असेल तर ‘पूर्वीच्या’ या अर्थाचा साधा इंग्रजी शब्द, ‘फॉर्मर्ली’, वापरायचा. अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांच्या विधवा पत्नी जॅकलिन पुनर्विवाहाने ओनासिस झाल्या. त्यांच्याबद्दल लिहिताना इंग्रजीत हेच करतात: जन्माचं आडनाव म्हणून ने बूव्हिए, आणि केनेडी हे वेगळं सांगतात.

माझ्याकडून ही चूक झालेली आहे. सुरुवातीच्या वर्षांत एका बाईंच्या विवाह प्रमाणपत्राच्या अनुवादात मी ‘लग्नापूर्वीचे नाव’ या रकान्यासाठी ‘ने’ लिहिला. ते त्यांचं दुसरं लग्न होतं आणि रकान्यात पहिल्या पतीचं आडनाव होतं. जन्मदाखल्यावर तिसरंच आडनाव निघालं आणि त्यांचा अर्ज परत आला. अनुवाद पुन्हा करून दिला, पण त्यांचे दोन महिने गेले ते गेले. तेव्हापासून मी समोरच्या माणसाला आधी विचारतो: हे आडनाव जन्मापासूनचं आहे ना? दत्तक गेलेल्या मुलीच्या बाबतीतही हाच प्रश्न विचारावा लागतो. तिथे कोणतं नाव द्यायचं हे त्या कुटुंबाने ठरवायचं, अनुवादकाने नाही.

आता तुमची खरी अडचण, पहिलं नाव.

जुन्या इंग्रजी शैलीचा नियम असा की ‘ने’ नंतर फक्त आडनाव लिहावं. त्यामागचा विचार मला पटण्यासारखा वाटतो: मूल आडनाव घेऊन जन्मतं, पहिलं नाव त्याला नंतर, बाप्तिस्म्यात मिळतं. आपलं तरी वेगळं काय आहे? बाळाला नाव बाराव्या दिवशी बारशाला ठेवतात, आडनाव आधीच असतं. तर या नियमाने तुमच्या मामेभावाचा मसुदा बरोबर आहे.

पण डॉ. आनंदीबाई जोशींना हा नियम लावून बघा. १८६५ मध्ये त्या जन्मल्या तेव्हा त्यांचं नाव यमुना, आणि वडील जोशी. वयाच्या नवव्या वर्षी गोपाळराव जोशींशी लग्न झालं, नाव आनंदी ठेवलं. १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून एम.डी. झाल्या. आता नियमाप्रमाणे लिहा: आनंदीबाई जोशी, ने जोशी. वाचणाऱ्याला काहीच कळलं नाही. जे बदललं ते सांगितलंच गेलं नाही, आणि जे बदललं नव्हतं ते दोनदा छापलं.

दुसरं उदाहरण तुमच्या प्रश्नाला आणखी जवळचं आहे. जवाहरलाल नेहरूंची धाकटी बहीण जन्माने स्वरूपकुमारी नेहरू. १९२१ मध्ये रणजित सीताराम पंडित या मराठी घरातल्या गृहस्थांशी त्यांचं लग्न झालं आणि महाराष्ट्रातल्या रिवाजाप्रमाणे पहिलं नावही बदलून त्या विजयालक्ष्मी झाल्या. त्यांच्याबद्दल इंग्रजीत लिहिताना ‘ने नेहरू’ लिहिलं तर घराणं कळतं, पण स्वरूप कुठे गेली? म्हणून तिथे ‘ने स्वरूपकुमारी नेहरू’ असं पूर्ण नावच लिहायला हवं. आजच्या इंग्रजीत हा वापर रुळलेला आहे. जुन्या वळणाचा एखादा संपादक हरकत घेईल, पण चूक कोणी म्हणणार नाही.

मग तुमच्यासाठी काय? उत्तर थोडं परिस्थितीवर आहे. निधनवार्ता कोण वाचणार? आईंच्या शाळेतल्या मैत्रिणी, आते-मामे भावंडं, परदेशात गेलेली त्यांची मुलं. यांच्यापैकी ज्यांना त्या फक्त माहेरच्या पहिल्या नावाने आठवतात, त्यांच्यासाठी नुसतं आडनाव पुरेसं नाही. समजा, त्या माहेरी कुसुम जोशी होत्या आणि सासरी सुमती कुलकर्णी झाल्या. ‘सुमती कुलकर्णी, ने जोशी’ हे वाचून कुसुमच्या बालमैत्रिणीला काहीही कळणार नाही. ती पान उलटेल. म्हणून मी तुमच्या जागी असतो तर ‘सुमती कुलकर्णी, ने कुसुम जोशी’ असंच लिहिलं असतं. आणि हा फ्रेंच शब्द घरात कोणाला परका वाटत असेल तर त्याच जागी ‘जन्मलेली’ या अर्थाचा साधा इंग्रजी शब्द ‘बॉर्न’ टाका. अर्थ अक्षरशः तोच, आणि पूर्ण नावाबरोबर तो जास्त मोकळा वाटतो. वडिलांचं नाव मध्ये घालायचं की नाही ही तुमची निवड. आजोबा गावात माहितीचे असतील तर घाला. लोक त्यावरून ओळखतात.

काही चुका मी वारंवार पाहतो, त्या टाळा. ‘ने’ म्हणजेच ‘जन्मलेली’, तेव्हा त्याच्याआधी पुन्हा ‘बॉर्न’ नको. अर्थ ‘जन्मलेली’ आहे म्हणून ‘ने सातारा’ किंवा त्यानंतर जन्मवर्ष असं काही इंग्रजीत चालत नाही, तिथे हा शब्द फक्त नावापुढेच येतो. ‘श्री. व सौ. कुलकर्णी, ने जोशी’ असं लिहिलं तर जोशी कोण हे कळत नाही. बाईंचं नाव वेगळं काढून तिथे तो शब्द ठेवा. आणि जिने लग्नानंतर नाव बदललंच नाही, तिच्यासाठी हा शब्द लागतच नाही. जोशी-कुलकर्णी असं जोडआडनाव असेल तरी लागत नाही, माहेर त्यात आहेच.

पुरुषांसाठीचं रूप, एका ई चं, इंग्रजी लेखनात दिसतं ते बहुधा कलावंतांच्या बाबतीत. रजनीकांत, ने शिवाजीराव गायकवाड, असं लिहिलेलं बरोबर आहे. फक्त तिथे दोन ई लिहू नका. हल्ली कंपन्या आणि शहरांच्या जुन्या नावांसाठीही लोक हा शब्द वापरतात. मुंबईबद्दल मी तो कधीच वापरणार नाही. बॉम्बे हे तिचं जन्मनाव होतं असा अर्थ त्यातून निघतो, आणि तो खोटा आहे.

फ्रान्समध्ये याची काय स्थिती आहे असं तुम्ही विचारलंत. तिथे गंमत म्हणजे कायद्याने बाईचं नाव लग्नाने बदलतच नाही. क्रांतीच्या काळात, २३ ऑगस्ट १७९४ च्या कायद्याने ठरवलं की जन्मनोंदीत जे नाव आहे त्याखेरीज दुसरं नाव कोणत्याही नागरिकाला धारण करता येणार नाही. नवऱ्याचं आडनाव बायका लावतात, पण ते वापरापुरतं. कागदोपत्री त्या आयुष्यभर जन्माच्याच आडनावाच्या. २०१२ मध्ये पंतप्रधान कार्यालयाच्या परिपत्रकाने सरकारी अर्जांतून ‘कुमारिकेचं आडनाव’ अशा अर्थाचा रकानाही काढायला सांगितला. तेव्हा या शब्दाच्या मायदेशी त्याचा अर्थ ‘ही एके काळी अशी होती’ असा नाही. ‘ही मुळात अशी आहे’ असा आहे. निधनवार्तेसाठी मला हा अर्थ फार योग्य वाटतो. तुमच्या आई जेवढ्या सासरच्या होत्या तेवढ्याच माहेरच्याही होत्या, आणि त्या ओळीत दोन्ही शेजारी-शेजारी उभी राहतात.

निधनवार्तेचं झालं. पण तुमच्या पत्राच्या शेवटी तुम्ही माहेरच्या सातबारावर आईंचं नाव वारस म्हणून लागल्याचा उल्लेख केला आहे, आणि भाऊ परदेशी नागरिक आहे. तिथे मात्र या शब्दावर विसंबू नका. कायद्याच्या कागदात जिथे जिथे जे नाव जसं नोंदलं आहे, ते तसंच, अक्षर न् अक्षर, लिहावं लागतं. सातबारावर एक नाव, बँकेच्या पासबुकात दुसरं, मृत्यू दाखल्यावर तिसरं असेल, तर तिन्ही लिहून ‘ही एकच व्यक्ती’ असं प्रतिज्ञापत्र करतात. ‘ने’ त्यातलं फक्त एकच नाव सांगतो. प्रतिज्ञापत्राचा मजकूर वकिलांकडूनच करून घ्या, मी त्याचा फक्त अनुवाद करू शकतो. व्हिसाच्या अर्जांतही आडनावाच्या रकान्यात हा शब्द लिहायचा नसतो. युरोपच्या शेंगेन व्हिसाच्या अर्जात जन्माच्या वेळच्या आडनावाला स्वतंत्र रकाना आहे, अमेरिकेच्या अर्जात ‘इतर कोणती नावं वापरली आहेत का’ असा प्रश्न आहे. आईच्या नावाबद्दल विचारलं असेल तिथे भावाने उत्तर आईंच्या कागदांवरून द्यावं, आठवणीवरून नको.

एक गोष्ट काळजीची आहे, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. अनेक बँका, विशेषतः परदेशातल्या, ओळख पटवण्यासाठी ‘आईचं माहेरचं आडनाव काय’ असं विचारतात. निधनवार्तेत आईंचं माहेरचं आडनाव आणि खाली मुलांची पूर्ण नावं एकत्र छापली गेली की ते उत्तर कोणालाही मिळतं, आणि इंटरनेटवर ते कायम राहतं. त्यासाठी माहेरचं नाव गाळू नका. वार्ता छापून येण्याआधी तुम्ही आणि भावाने आपल्या खात्यांवरचा तो प्रश्न बदलून घ्या. पाच मिनिटांचं काम आहे.

मराठी वृत्तपत्रातही देणार असाल तर तिथे ‘ने’ अजिबात नको. आपल्याकडे तो तृतीयेचा प्रत्यय आहे आणि ‘कुलकर्णी ने जोशी’ याचा भलताच अर्थ लागेल. ‘श्रीमती सुमती कुलकर्णी (पूर्वाश्रमीच्या कुसुम जोशी)’ एवढं पुरे.

इंग्रजी मजकूर देताना छापण्याआधीचा नमुना मागून घ्या. बऱ्याच ठिकाणी नावाची ओळ मोठ्या अक्षरांत लावतात. त्यात ‘ने’ सुद्धा मोठा होतो, रेघ जाते आणि तो मधल्या नावासारखा दिसू लागतो. तसं झालं असेल तर त्यांना सांगा की तेवढा शब्द लहान अक्षरांत ठेवा. नाहीच जमलं तर माहेरचं नाव पुढच्या ओळीत कंसात घ्या. आणि तो नमुना आईंच्या पाठच्या बहिणीला, तुम्ही लिहिलंय त्या धाकट्या मावशींना, फोनवर वाचून दाखवा. माहेरी आईंना नेमकं काय म्हणत, समजा कुसुम की कुसुमावती, हे आता त्याच सांगू शकतील.